छातीशी धरलेली दांडी

"काका, आजही सहा वर आहे," काचेच्या खोलीतली बाई म्हणाली. घड्याळात बघून कुणी वेळ सांगावी तशी म्हणाली. काट्याच्या कानात मात्र ते वाक्य लोखंडाच्या किसासारखं शिरलं आणि तिथंच गोल वळून बसलं. सहा वर. सहा म्हणजे सहा मायक्रॉन. डोक्यावरच्या एका केसाचे उभे बारा काप केले तर त्यातला एखादा. एवढ्याशा गोष्टीने माणसाचं रक्त तापू नये हे खरं, पण अठ्ठावीस वर्षं ज्याने केसाचेच काप मोजले त्याला कुणी "तुमचा केस जाड निघाला हो" असं सांगितलं, तर तो काय टाळ्या पिटील? "पुन्हा बघा," तो म्हणाला. बाईने पुन्हा बघितलं. काळ्या दगडाच्या चौथऱ्यावरच्या त्या नव्या यंत्राने आपला लांब हात खाली आणला, हाताच्या टोकाचा तांबडा मणी शाफ्टला इकडून टेकवला, तिकडून टेकवला, जरा थांबून खालूनही टेकवला. दुसऱ्याच्या घरी गेलेली बाई फळीवरून बोट फिरवून धूळ बघते ना, अगदी तसं. आणि पडद्यावर पुन्हा तोच आकडा. काट्याने आकड्याकडे बघितलं नाही, बाईच्या तोंडाकडे बघितलं. तोंड कोरं होतं. कोऱ्या तोंडाच्या माणसावर त्याचा कधीच विश्वास नव्हता.

यंत्राला कारखान्यात पहिल्याच दिवशी 'सासू' हे नाव पडलं होतं. नाव ठेवणारा होता काट्याचा साडू, स्टोअरकीपर. दुसऱ्यांना नावं ठेवण्यात त्याची हयात गेली होती, आणि 'काटा' हे नावही त्याचंच. डायलवरच्या काट्याकडे दिवसभर बघत बसणारा म्हणून काटा. पुढे ते इतकं मुरलं, की खरं नाव हजेरीपटात एकटंच राहिलं, भाड्याच्या खोलीत राहतात तसं. "सासू आली रे," यंत्राचं खोकं उघडताना साडू ओरडला होता, "आता प्रत्येक सुनेला हात लावून बघणार, आणि प्रत्येकीत खोट काढणार!" सगळे हसले. काटाही हसला. पण हसता हसता त्याला दिसलं, की सासूसाठी खोली बांधली होती ती काचेची, आत गारवा सोडलेला, बाहेर चपला काढायच्या, आणि त्या खोलीची चौथी भिंत नेमकी त्याच्या टेबलासमोर होती. तो डायलखाली माल सरकवायचा तेव्हा यंत्राचा तांबडा मणी त्याच्याकडे बघत असायचा. यंत्र बघत नसतं, हे त्यालाही कळत होतं. पण काच कुणी उगीच लावत नाही.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. कारखान्यात साठ मिलिमीटर जाडीचे शाफ्ट बनायचे. प्रत्येक शाफ्ट त्याच्या डायलखालून जायचा. त्यासाठी डायलचा काटा शून्यावर आणावा लागे, आणि काटा शून्यावर आणायला एक दांडी होती, बरोबर साठची, बोटभर, आरशासारखी घासलेली. मास्टर म्हणायचे तिला. मास्टर डायलखाली ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, ती काढून माल सरकवायचा. काटा शून्यावर थांबला की माल मास्टरएवढा. मग हा आपला छोटा शिक्का शाफ्टच्या टोकाला हातोडीने ठोकायचा. त्या शिक्क्यावर एक बारीक त्रिकोण होता. त्या त्रिकोणावर पूर्वीची गिऱ्हाइकं डोळे मिटून पैसे मोजायची, कारण त्यांना वीस मायक्रॉन इकडे-तिकडे चालत होते. नवीन गिऱ्हाईक पाचाच्या वर घेत नव्हतं. वीसच्या घरात सहा म्हणजे पाहुणा. पाचाच्या घरात सहा म्हणजे दरोडा. आणि मालकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "पुढच्या शुक्रवारी बघू. सासू खोटी की काटा खोटा. जो खोटा, त्याचा शिक्का बंद." वर हसून, "काटेराव, पॅकिंगला माणूस लागतोच आहे," असंही म्हणाले होते. थट्टेने म्हणाले की कसं, हे काट्याने आठ रात्री पडल्या पडल्या उलटंपालटं करून पाहिलं होतं. मालकांच्या हसण्याला तो मागून पुढून दोन्हीकडून डायल लावत होता, आणि काटा एका जागी ठरत नव्हता.

दांडी वस्तादांची. वस्ताद म्हणजे ज्यांनी त्याला घडवलं ते. दोन्ही हातांची मिळून नऊ बोटं, आणि त्या नऊ बोटांत दहांची अक्कल. कारखाना सोडून जाण्याच्या दिवशी त्यांनी फ्लॅनेलच्या तुकड्यातून दांडी त्याच्या हातात दिली. डोळे पुसले नाहीत. त्यांचे डोळे तेलाच्या वाफेने बारा महिने ओलेच असायचे. "ही आता तुझी," म्हणाले. "छातीशी धरून ठेव." बस, एवढंच. ते गेले. आणि दुसऱ्या दिवसापासून काट्याने दांडी सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवली. सकाळी आंघोळ झाली की खिशात, रात्री सदरा उतरेपर्यंत खिशात. सकाळी टेबलाशी आला की खिशातून थेट डायलखाली. दिवसातून चार वेळा शून्य तपासायचं, चारही वेळा खिशातून काढून, चारही वेळा पुन्हा खिशात. नशीब, वस्ताद "डोळ्यांत तेल घालून जप" असं म्हणाले नाहीत. हा माणूस दुसऱ्या दिवशी आंधळा होऊन कामावर आला असता. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या सगळ्या सदऱ्यांचे डावे खिसे आधी फाटले. बायको ते शिवायची आणि म्हणायची, "माझी सवत सांभाळा हो, पडेल." लग्नाच्या पहिल्या वर्षी हे ती रागाने म्हणायची, नंतर हसून, आणि अलीकडे काहीच न म्हणता नुसती दोरा तोडायची. हे शेवटचं काट्याला आत्ताच का आठवावं? दोरा दातांनी तोडताना ती काय विचार करत असेल, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

सहाचा आकडा त्याच्याबरोबर घरी आला, जेवायला बसला. सहा आले कुठून? हात त्याचा, डायल त्याचा, दांडी त्याची. दांडी! घास तसाच हातात राहिला. महिन्यापूर्वी, काचेची खोली बांधत होते तेव्हा धूळ नको म्हणून एक दिवस सगळी मापं स्टोअरच्या कपाटात ठेवली होती. दांडीही. कपाटाची किल्ली साडूच्या कमरेला. तो एक दिवस काट्याने छातीवर हात ठेवून काढला होता, दात पडलेल्या जागी जीभ जाते तसा हात जात होता. त्या एका दिवसात काय होऊ शकत नाही? तशीच दुसरी दांडी आणून ठेवायला कितीसा वेळ? सासूची शिफारस मालकांकडे कुणी केली? साडूने. सासू आली की मोजणारा जाणार, हे साडूला कळत नव्हतं? मग त्याला आठवलं, की मागच्या रविवारी साडूकडे जेवायला गेले होते तेव्हा साडूने आग्रह करून दोनदा वाढलं होतं. एरवी तो एकदा वाढतानाही भांड्यात डोकावून बघायचा. "तुझ्या बहिणीचा नवरा," त्याने बायकोला विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला का?"

"बोलले की."

"काय?"

"म्हणाले, काटेराव वाळत चाललेत. टॉनिक द्या."

"टॉनिक!" त्याने ताट सारलं. टॉनिक. वाळत चाललेत. म्हणजे माणूस कमी होत चाललाय, म्हणजे मापात बसत नाही. हे सगळं किती आधीपासून ठरलं असेल?

दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला बनियनला आतून खिसा शिवायला सांगितला. दुहेरी कापडाचा, वर बटण. "आता सवत आणखी आत गेली म्हणायची," बायको म्हणाली, पण शिवला. दांडी आता थेट कातडीला लागली. तिच्यावर नख फिरवून त्याने वस्तादांच्या वेळचा बारीक ओरखडा चाचपला; ओरखडा होता. पण ओरखडा काय, कुणीही ओढतो. त्या दिवशीची पेटी सासूकडे गेली आणि बाई बाहेर येऊन म्हणाली, "काका, आज आठ." तिच्या कोऱ्या तोंडावर आज एक आठी होती, किंवा त्याला तशी दिसली. काल सहा, आज आठ. वाढतंय. म्हणजे कुणीतरी रोज थोडं थोडं वाढवतंय. एकदम वाढवलं तर कळेल ना. तिसऱ्या दिवशी त्याला कणकण होती. अंगात ताप, वर स्वेटर, आणि स्वेटरवरून डावा हात छातीवर गच्च. आठ दिवस झोप नसलेल्या माणसाला ताप येणार नाही तर काय येणार. त्या दिवशी नऊ.

"नऊ," साडू स्टोअरच्या खिडकीतून म्हणाला. त्याला कुणी सांगितलं? "साडूभाऊ, सासूने तुझा अगदी पिच्छाच पुरवलाय. आज नऊ, उद्या दहा. दहाव्याला बारसं की तेरावं, ते सांग, म्हणजे मी तयारीला लागतो."

"तू काय ते तयारीला कधीच लागलायस," काटा म्हणाला.

साडूचं हसू ओठांवरच राहिलं, खाली उतरायला जागा न सापडल्यासारखं. "म्हणजे काय रे?" त्याने हळू विचारलं. काटा वळून निघून आला. पाठीवर साडूची नजर बराच वेळ होती. दुखावलेल्या माणसाची नजर आणि सापडलेल्या माणसाची नजर पाठीला सारखीच लागते. डोळे लागतात ओळखायला, आणि वळून बघायची त्याची हिंमत नव्हती.

गुरुवारी सकाळी काचेतली बाई स्वतः त्याच्या टेबलापाशी आली. लहानखुरी, केस आवळून बांधलेले, हातात पांढरे मोजे. तिला लागून पाचवा महिना होता. सहा महिने बघून मग कायम करणार होते. "काका," ती म्हणाली, "तुम्हाला वाटतंय मशीन खोटं आहे. मला वाटतं नाही. असं करू, तुमची मास्टरच मशीनवर मोजू. ती खोटी निघाली तर प्रश्न मिटला. खरी निघाली तर मी मशीन पुन्हा उघडते."

"मास्टर मी कुणाच्या हातात देत नाही."

"माझ्या हातात नका देऊ. तुम्हीच दगडावर ठेवा. तीन तास मात्र तिथे राहू द्या. निवू दे तिला."

निवू दे. हा शब्द त्याने पूर्वी कुठेतरी ऐकला होता, असाच नाही, पण याच चालीचा. त्याने बनियनचं बटण काढलं. बाईने तोंड दुसरीकडे फिरवलं. दांडी काळ्या दगडावर ठेवून तो काचेच्या बाहेर स्टूल टाकून बसला, आणि तीन तास हलला नाही. चहा आला, त्याने घेतला नाही. चहा प्यायला मान वर करावी लागते, तेवढ्यात काहीही होऊ शकतं. आत ती लहानशी दांडी एवढ्या मोठ्या दगडावर एकटी पडली होती, शस्त्रक्रियेला नेलेल्या माणसासारखी. आणि तिच्याकडे बघता बघता त्याला वस्ताद दिसायला लागले. सकाळी सकाळी ते खोक्यातून दांडी काढत, लोखंडी पाटावर ठेवत, आणि मग काही न करता नुसते बसून राहत. "वस्ताद, शून्य लावायचं ना?" हा विचारायचा. "लावू रे. तिला टेकू दे जरा, दमून आलीय." खोक्यातून पाटावर, दोन हातांचं अंतर, त्यात दमणार कुठून? हा मनात हसायचा. वस्तादांना बिडी ओढायला निमित्त पाहिजे, एवढंच. अर्धा तास ते बिडी ओढायचे, दांडी टेकलेली असायची. खोक्यातून. खोकं पाटाच्या खालच्या फळीवर असायचं, भिंतीला, जिथे कधी ऊन येत नसे. वस्तादांच्या खिशात काय असायचं? बिड्या असायच्या. दांडी नव्हती. वस्तादांच्या खिशात दांडी त्याने एकदाही पाहिली नव्हती. हे आठवलं आणि का कोण जाणे, त्याने स्टुलावर पाय वर घेतले.

बारा वाजता सासूचा हात खाली आला. तांबडा मणी दांडीला टेकला, पुन्हा टेकला. काट्याने काचेवर दोन्ही तळवे ठेवले होते. बाईने पडदा त्याच्याकडे वळवला. साठ. पुढे तीन शून्यं.

"बरोबर आहे काका. अगदी बरोबर. शून्य."

जिंकलो, असं त्याच्या मनात आलं. साडूने बदलली नव्हती, वस्तादांची दांडी खरी होती, तो खरा होता, म्हणजे यंत्र... तो चपला काढायचीही वाट न बघता आत घुसला, त्याने दांडी उचलली आणि सवयीने बनियनच्या आत सरकवली.

गार!

तो दचकून इतका मागे सरला, की खुर्ची पडली. छातीवर कुणी बर्फाचं बोट लावावं तशी ती गार होती. अठ्ठावीस वर्षांत दांडी त्याला कधी गार लागलेली आठवेना. महिन्यापूर्वी स्टोअरमधून आणली तेव्हा लागली असेल, पण तेव्हा तो घाईत होता, संशयात होता. ती कायम त्याच्याएवढीच होती; ती आहे हे कळायचं वजनावरून, कधी स्पर्शावरून नाही. आणि आता ती गार होती, आणि त्याच्या कातडीपाशी हळूहळू, अगदी बेमालूम, ऊब धरत होती. वाढत होती. लोखंड तापलं की वाढतं. हे त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पुढे त्याने स्वतः किती पोरांना शिकवलं. ग्राइंडरवरून काढलेला गरम माल कुणी डायलखाली आणला तर तो हातावर फटका मारायचा. मालाबद्दल त्याला सगळं ठाऊक होतं. मास्टर हा माल असतो, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मास्टर म्हणजे मास्टर. छातीच्या उबेने ती सहाने फुगायची, तो तिच्यावर शून्य लावायचा, आणि मग त्या शून्याबरहुकूम सगळा माल सहाने जाड. आतल्या खिशात आठ. तापात नऊ. जितका संशय घेतला, तितकी ती घट्ट धरली. जितकी घट्ट धरली, तितका आकडा वाढला. सासूने दुसरं काही मोजलं नव्हतं, त्याचा तापच मोजला होता.

बाई त्याच्या छातीकडे बघत होती. तिलाही कळलं होतं. तोंड आता कोरं नव्हतं. "तुम्ही ती... तिथेच ठेवता रोज?"

"वस्ताद म्हणाले होते," तो म्हणाला, "छातीशी धरून ठेव."

ती हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर वाटलं.

शुक्रवारी मालक आले. मागे साडू, हातात मापांची यादी, परवापासून काट्याशी न बोललेला. "हं, काय निघालं?"

"मास्टर शून्यावर आहे," बाई म्हणाली आणि थांबली.

"म्हणजे काटेराव खरे." मालकांनी मान हलवली. "मग बाई, मशीनची मांडणी तुमची चुकली. पाच महिने झाले. मी कुणाला कायम करायचं म्हणजे..." बाईने खाली बघितलं. एक शब्द बोलायचा होता तिने, बोलली नाही. का बोलली नाही? काट्याच्या मनाने लगेच कामाला सुरुवात केली. उद्या उपकार काढील. मालकांना एकटीने गाठून सांगील. नाहीतर वयाकडे बघून कीव करत असेल. एकेक संशय त्याने तिच्या तोंडाला लावून बघितला, आणि एकही बसेना. ती नुसती पांढऱ्या मोज्याचं बोट ओढत उभी होती. आणि समोर त्याचा शिक्का होता, त्रिकोणाचा, आणि तो गप्प राहिला असता तर तो शिक्का त्याचाच होता, आणि तो खोटंही बोलला नसता, कारण मास्टर खरोखरच शून्यावर होती.

"ते सहा माझे आहेत," तो म्हणाला.

"सहा नग?" मालक म्हणाले. "पेटी तर दोनशेची आहे."

"नग नाही. सहा मायक्रॉन. माझ्या अंगाचे."

"अंगाचे? काटेराव, ताप उतरला नाही वाटतं अजून."

"उतरला. उतरला नव्हता तेव्हा नऊ होते."

मालक साडूकडे बघायला लागले. मग काट्याने सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, बनियनचं बटण उघडून, आतला दुहेरी खिसा उलटा करून दाखवून. वस्ताद, फ्लॅनेल, सगळं. सांगून झाल्यावर त्याने शिक्का उचलला आणि बाईच्या टेबलावर ठेवला. यंत्र बारीक गुणगुणत होतं. मग साडूच्या घशातून एक आवाज निघाला, खोकला की काय वाटावं असा, आणि तो यादी तोंडावर धरून गदगदायला लागला. "अठ्ठावीस वर्षं," त्याला बोलवेना, "अठ्ठावीस वर्षं अंडं उबवलंस रे! एक पिल्लू तरी निघायचं!"

"मला वाटलं तू बदललीस," काटा म्हणाला.

"काय?"

"दांडी. कपाटातून."

साडूचं हसणं थांबलं. त्याने यादीची घडी केली, पुन्हा उलगडली. "तिला मी कपाटात ठेवली नव्हती," तो म्हणाला. "कपाटावर पत्र्यातून ऊन येतं. खाली, फरशीवर ठेवली, तुझ्या त्या फडक्यात गुंडाळून. दिवसभर पाय लागू नये म्हणून स्टूल आडवं घालून बसलो." एवढं बोलून तो गेला. काट्याला वाटलं, नऊ मायक्रॉनपेक्षा हे जड आहे, आणि याला लावायला कुठलीच मास्टर नाही.

मालकांनी बराच वेळ कपाळ चोळलं. "दोनशे पुन्हा ग्राइंडरवर घ्या. दांडी आजपासून काचेत. सकाळी हातमोजे घालून न्यायची, अर्धा तास टेकू द्यायची, मग शून्य." दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि तो शिक्का तिथे काय ठेवलाय? उद्यापासून ठोकायला मी येऊ का?"

संध्याकाळी घरी सदरा काढताना बायकोच्या लक्षात आलं. तिने आधी सदऱ्याचा खिसा चाचपला, मग बनियनचा. "अहो, कुठाय? पडली?"

"सासूकडे राहिली."

बायकोने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. "सवतीला सासूने ठेवून घेतलं म्हणा," ती म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यासारखी हसली. मग हसू आवरून तिने पुन्हा त्या आतल्या खिशात हात घातला, खरंच रिकामा आहे ना ते बघायला. तिलाही संशय घ्यायची सवय लागली होती, माणूस कुणाच्या संगतीत राहतो त्यावर असतं. "दुहेरी शिवला होता," ती म्हणाली. "आता याचं काय करू?" हात तिने काढला नाही. काट्याला दूरदूरच्या गावांतले त्याचे शाफ्ट दिसले, पंपांत, गिरण्यांत, उद्वाहनांत फिरणारे, सगळे सहाने जाड, सगळ्यांत थोडी थोडी त्याची ऊब मुरलेली, आणि कुणाला पत्ता नाही. बायकोचा तळहात गार होता आणि हळूहळू त्याच्याएवढा होत होता. आता मला मोजलं तर किती भरेन, त्याच्या मनात आलं. तिला त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निवायला हवं म्हणून तिने हात काढून घेतला असता.